भंडाऱ्याचे दुसरे मत

राजसत्ता उलथली पाहिजे, पण तिच्या जागी जमावाची सत्ताही बसता कामा नये, असे म्हणणारे फ्रान्समधील जिराँदिस्त 1793 च्या ऑक्टोबरात गिलोटिनखाली गेले. राज्याची घडी मुळापासून बदलत असता संयमाची भाषा बोलणाऱ्यांना दोन्ही बाजूंचा रोष सोसावा लागतो. आपल्या देशातील परिवर्तनाने असा बळी घेतला नाही. परंतु घटनात्मक मार्गावर निष्ठा ठेवणाऱ्या मध्यममार्गी पक्षांना येथे किती किंमत मोजावी लागली, हे पाहावयाचे असेल तर 1954 च्या भंडारा पोटनिवडणुकीइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

तेव्हा भंडारा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. लोकसभेचा हा मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. 1952 मध्ये सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज जसानी विजयी झाले. पण ते ज्या विडी-पेढीचे भागीदार होते, तिच्याकडे सैन्यासाठी विड्या पुरविण्याचा सरकारी मक्ता होता. शिवाय गंगाराम ठवरे या महार उमेदवाराचा अर्ज, ते महानुभाव पंथात गेल्यामुळे महार उरले नाहीत, या सबबीवर फेटाळण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1954 मध्ये मक्त्याच्या हितसंबंधामुळे जसानींना अपात्र ठरविले, पंथ बदलला तरी ठवरे महारच राहिले असा निर्वाळा दिला आणि सारी निवडणूक रद्द केली. तेंदूपानाच्या या मुलखात विडीच्या मक्त्याने खासदारकी जावी, हा योग विलक्षणच!

रिकाम्या झालेल्या दोन जागांसाठी प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी युती केली. हेच दोघे 1952 मध्ये उत्तर मुंबईतही एकत्र लढून हरले होते. मेहतांनी 1953 च्या बैतूल अधिवेशनात, मागासलेल्या अर्थव्यवस्थेत विरोधी पक्षाने सत्ताधाऱ्यांशी विधायक सहकार्याची वाट शोधावी, असा प्रबंध मांडून आपल्याच पक्षातील जहाल गटाचा रोष ओढवून घेतला होता. आंबेडकरांनीही 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधानसभेत बजावले होते की, घटनात्मक मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रह व असहकार यांनाही सोडचिठ्ठी दिली पाहिजे.

प्रत्येक मतदारास दोन मते होती आणि ती एकाच उमेदवारास देता येत नसत. राखीव उमेदवार राखीव जागेवर हरला, तरी मते पुरेशी असल्यास सर्वसाधारण जागेवर निवडून येऊ शकत असे. म्हणून अनुयायांनी दुसरे मत कोणालाच न देता वाया घालविले, तर बाबासाहेबांची बाजू बळकट होईल, असा हिशेब कार्यकर्त्यांनी मांडला. त्या काळच्या आठवणींतून असे कळते की, बाबासाहेबांनी तो साफ नाकारला. संविधानाच्या शिल्पकाराने मत वाया घालविण्यास सांगावे, हे त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते. प्रकृती साथ देत नसताना उन्हाळ्यात प्रचारदौरा करून, नेहरूंच्या परराष्ट्रनीतीवर कठोर टीका करीत, त्यांनी दुसरे मत मेहतांना द्यावे असेच सांगितले.

निकाल लागला तेव्हा मेहता सर्वसाधारण जागेवर विजयी झाले होते, राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडे गेली होती, आणि आंबेडकर थोड्या मतांनी मागे राहिले होते. फेडरेशनच्या मतदारांनी युतीचा शब्द पाळला. मेहतांच्या बाजूच्या सर्वच मतदारांनी तो तितक्याच निष्ठेने पाळला असता, तर निकाल वेगळा लागला असता, असे मला वाटते. जातीचा अडसर पक्षाच्या आदेशाने सरकत नाही, हे त्या मतपेट्यांनी दाखविले, आणि ही गोष्ट आजही मला अस्वस्थ करते.

मेहता पुढे 1964 मध्ये काँग्रेसमध्ये गेले. त्यांचा पक्ष त्याआधीच, 1955 च्या अखेरीस, लोहियांच्या फुटीने दुभंगला होता. बाबासाहेबांनी मात्र पराभवानंतरही सहकार्याची दारे मिटली नाहीत. 1956 मध्ये त्यांचा लोहियांशी पत्रव्यवहार चालू होता, आणि दलितांपुरता मर्यादित न राहणारा व्यापक विरोधी पक्ष उभारण्याचा त्यांचा संकल्प होता. त्यांच्या निधनानंतर, 3 ऑक्टोबर 1957 रोजी, नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली.