नववीची 'अ' तुकडी आणि परतीची वाट

गेल्या जूनमध्ये जालन्यात मस्तगड भागात राहणाऱ्या मामेभावाकडे गेले होते. त्याची मुलगी नुकतीच नववीत गेली होती आणि घरात एकच विषय चालू होता. तिच्या शाळेत आजवर आठवीच्या गुणांवरून नववीच्या तुकड्या पडायच्या. 'अ' म्हणजे हुशार, 'ड' म्हणजे उरलेले. या वर्षी मुख्याध्यापकांनी सुचवलं की सगळ्या तुकड्या मिसळून करू. झालं, पालकसभेत दोन तट पडले. एक बाजू म्हणे, "आमची मुलं पुढे जाणारी आहेत, त्यांना का अडकवता?" दुसरी म्हणे, "'ड'चा शिक्का बसला की पोरगं अभ्यासच सोडतं." वहिनी मला म्हणाल्या, "तू एवढी पीएचडी करतेस ना, मग सांग की, बरोबर कोण?"

मला उत्तर देता आलं नाही. विज्ञान शिकलेल्या माणसाला वाटतं की दोन आकडे समोर ठेवले की निकाल लागेल. नंतर या विषयाचा इतिहास वाचला तेव्हा कळलं की घोळ आकड्यांत नाही, प्रश्नातच आहे. 'हुशार मुलं वेगळी बसवावीत का?' या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेत. हुशारी कशाने मोजली? वेगळं बसवून पुढे काय करणार? आणि परत फिरायची वाट आहे का? तुम्ही संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा असा एकात तीन असलेला प्रश्न आधी सोडवून घ्यावा लागतो. म्हणून हे उदाहरण.

कशाने मोजलं?

सुरुवात जालन्यापासूनच करू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दू. त्यामुळे वर चढायचं तर उर्दू हवी. घरी मराठी बोलणारं मूल गणितात कितीही तयार असलं तरी आधी भाषेच्या चाळणीतून जायचं. चाळणीवर नाव 'शिक्षणाची पात्रता' असं असलं, तरी मोजलं जात होतं ते बरंचसं घर आणि भाषा.

ही गोष्ट संपली असं समजू नका. आज कितीतरी मराठी शाळांत 'अ' तुकडी म्हणजेच सेमी इंग्रजीची तुकडी असते. गणित-विज्ञान इंग्रजीतून घेणारी मुलं एकीकडे, बाकीची दुसरीकडे. मग 'अ' तुकडी हुशारीची की इंग्रजीला न बिचकणाऱ्या घरांची?

बुद्धिमापन चाचण्यांचंही असंच झालं. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली चाचणी तयार केली ती कोणत्या मुलांना जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठी. १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली, आणि बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. पण मदतीसाठी केलेलं हत्यार जगभर निवडीसाठी वापरलं गेलं. पुढे चाचणीचा आकडा पाहिला की तो मूळ कशासाठी काढला होता, हे आधी विचारा.

वेगळं करून पुढे काय?

स्वातंत्र्यानंतर नववी हाच वादाचा सांधा राहिला आहे. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचवल्या. माध्यमिक टप्प्यावरच मुलांनी विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती असे वेगळे गट घ्यायचे. म्हणजे तेरा-चौदाव्या वर्षी फाटा. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ही दिशा बदलली. पहिली दहा वर्षं सगळ्यांना सामान्य शिक्षण, त्यात गणित आणि विज्ञान सक्तीचं, फाटे त्यानंतर. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. समता, दर्जा आणि संख्या या तीन गोष्टी एकदम साधणं किती अवघड आहे, यावर त्यांनी पुढे पुस्तकच लिहिलं. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी १९७५ साली झाली.

एकीकडे सगळ्यांना एकच दहावी, आणि दुसरीकडे निवडक मुलांसाठी वेगळ्या शाळा. सरकारने ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी विद्यानिकेतनं काढली, त्यातलं एक औरंगाबादला. पुण्यात १९६९ मध्ये ज्ञान प्रबोधिनीची प्रशाला सुरू झाली. नवोदय विद्यालयांची सुरुवात १९८५-८६ मध्ये झाली, आणि पहिल्या दोन शाळांपैकी एक अमरावतीची. म्हणजे महाराष्ट्राने कधीच एक बाजू पूर्ण घेतली नाही.

परतीची वाट

आता अलीकडचं उदाहरण. राज्य मंडळात काही वर्षं नववी-दहावीला 'सामान्य गणित' हा सोपा पर्याय होता. बीजगणित-भूमितीला घाबरणाऱ्या मुलांना तो मोठा दिलासा होता. नव्या अभ्यासक्रमात नववीसाठी २०१७-१८ पासून आणि दहावीसाठी २०१८-१९ पासून तो बंद झाला. यात दोन्ही बाजूंना दम आहे. पर्याय असला तर मूल गणितामुळे दहावीत अडकत नाही. पण चौदाव्या वर्षी घेतलेला हा निर्णय अकरावीत उलटवणं अवघड. सीबीएसईने २०२० च्या दहावीपासून गणिताच्या 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' अशा दोन प्रश्नपत्रिका केल्या, पण अभ्यासक्रम एकच ठेवला, आणि बेसिकवाल्याला नंतर स्टँडर्डची परीक्षा देऊन गणिताकडे वळायची सोय ठेवली. दोन्हीकडे मुलं वेगळी केलीच. फरक आहे तो दार उघडं ठेवण्यात.

मग आकडे काय सांगतात?

पालकसभेत एक वाक्य हमखास येतं: "'अ' तुकडीचा निकाल बघा ना!" संशोधक म्हणून इथे थांबायचं. 'अ' मध्ये आधीच जास्त गुणांची मुलं घेतली, बऱ्याचदा गणिताचे सगळ्यात अनुभवी सरही त्यांनाच दिले. मग निकाल कशामुळे लागला? मुलांमुळे, सरांमुळे की वेगळं बसवल्यामुळे? या आकड्यातून ते कधीच कळणार नाही.

ते कळावं म्हणून केनियात एक प्रयोग झाला. एस्थर डुफ्लो, पास्कलिन डुपा आणि मायकेल क्रेमर यांनी तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. १२१ प्राथमिक शाळांत पहिलीचा एकेक वर्ग होता. जादा शिक्षक देऊन त्याचे दोन केले. साधारण निम्म्या शाळांत गुणांवरून, उरलेल्यांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक. कोणता शिक्षक कोणत्या वर्गाला जाणार हेही यादृच्छिकच. गुणांवरून विभागलेल्या शाळांत वरच्या आणि खालच्या, दोन्ही वर्गांतली मुलं जास्त शिकली. कारण शिक्षकाला समोरच्या मुलांच्या पातळीवरून शिकवता आलं.

म्हणजे 'अ-ड' वाले जिंकले? नाही. तिथे खालच्या वर्गाला उरलासुरला शिक्षक दिला नव्हता, आणि मुलं पहिलीतली होती, नववीतली नाही. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेची पद्धतही पाहा. तिसरी ते पाचवीच्या मुलांचे वाचनपातळीनुसार गट करायचे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. पण दिवसातला ठरावीक वेळच, आणि मूल पुढे सरकलं की लगेच गट बदलायचा. गट शिकवण्यासाठी असतो, ओळख म्हणून नाही. आपली 'ड' तुकडी मात्र वर्षभर, सगळ्या विषयांना, चित्रकलेच्या आणि खेळाच्या तासालाही 'ड'च असते.

म्हणून 'मिसळायचं की वेगळं करायचं' या वादात दोन्ही पालक अर्धे बरोबर आहेत. पातळीनुसार शिकवण्याचा फायदा होऊ शकतो, हे खरं. पण मोजमाप भाषेचं किंवा घराचं असेल, चांगला शिक्षक एकाच बाजूला असेल आणि परतीची वाट बंद असेल, तर तो फायदा 'ड' पर्यंत पोचतच नाही.

हे सगळं मी वहिनींना फोनवर सांगितलं. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे सभेत विचारायचं काय, ते सांग." आम्ही मिळून तीन प्रश्न काढले. तुकडी फक्त आठवीच्या वार्षिक गुणांवर ठरणार का? 'ड'ला गणित कोण शिकवणार? दिवाळीनंतर मूल वर जाऊ शकेल का? पुढच्या सभेत त्यांनी दुसरा प्रश्न विचारला तेव्हा, त्यांच्याच शब्दांत, "सगळे एकदम गप्प झाले." शेवटी शाळेने तुकड्या मिसळल्या, आणि गणिताचा आठवड्यातून दोनदा पातळीनुसार जादा तास ठेवला. तो चालतो की नाही हे वर्ष संपल्यावर कळेल.

तुमच्यासाठी गृहपाठ एवढाच: तुमच्या संशोधनप्रश्नात 'चांगलं की वाईट' असं येत असेल तर तो खोडा आणि लिहा, 'कोणासाठी, कशाच्या तुलनेत, आणि कोणत्या अटींवर'. पुढचं काम तिथून सुरू होतं.