तुरुंग आतून पाहिलेला न्यायमूर्ती

व्ही. आर. कृष्ण अय्यर (१९१५–२०१४) हे मलबारातील तलश्शेरीचे वकील. कम्युनिस्टांची वकीलपत्रे घेतली म्हणून १९४८ साली त्यांना महिनाभर तुरुंगवास घडला. १९५२ मध्ये ते मद्रास विधानसभेवर निवडून आले. पुढे भाषावार प्रांतरचनेत मलबार केरळात गेले आणि १९५७ च्या नंबुद्रिपाद मंत्रिमंडळात तुरुंग खाते याच माजी कैद्याकडे आले! १९७३ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा राजकारणी माणूस न्यायासनावर कसा, असा आक्षेप निघाला. १९७९ मध्ये तिहारमधील मारहाणीविषयी एका कैद्याने धाडलेले साधे पत्र त्यांच्या पीठाने अर्ज मानून निकाल दिला. माणसाचे मूलभूत हक्क तुरुंगाच्या दाराशी गळून पडत नाहीत, हे त्यांनी ठासून सांगितले. आक्षेपाला याहून चोख उत्तर कोणते?