बर्बीसच्या ऊसमळ्यांतून कसोटीच्या मैदानावर

सुनील गावस्करने आपल्या मुलाचे नाव 'रोहन' ठेवले ते वेस्ट इंडीजच्या रोहन कन्हायवरून, हे अनेक क्रिकेटप्रेमींना ठाऊक असते. कन्हाय घडला कोठे आणि कसा, हा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही. तो क्रिकेटइतकाच साखरेचा, हिवतापाचा आणि एका गोळीबाराचाही इतिहास आहे.

३१ डिसेंबर १९५८ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारताविरुद्धची तिसरी कसोटी सुरू झाली. वेस्ट इंडीजने ५ बाद ६१४ धावांवर डाव घोषित केला. कन्हाय २५६, बेसिल बुचर १०३, जो सॉलोमन नाबाद ६९. सोबर्सनेही त्या डावात नाबाद शतक केले, पण क्षणभर त्याला बाजूला ठेवावे. उरलेल्या तिघांच्या मिळून ४२८ धावा होतात आणि हे तिघेही एकाच ऊसमळ्यावरचे होते : ब्रिटिश गयानाच्या बर्बीस परगण्यातील पोर्ट मुरंट.

आजच्या नकाशावर हे अंतर किरकोळ वाटते. त्या काळी पोर्ट मुरंटच्या मुलाला राजधानी जॉर्जटाउनला जायचे तर आधी न्यू ॲम्स्टरडॅम गाठायचे, तरीतून बर्बीस नदी ओलांडायची आणि पलीकडच्या रोझिग्नॉलहून आगगाडी धरायची. नदीपेक्षाही रुंद दरी सामाजिक होती. जॉर्जटाउनचे क्रिकेट क्लब वर्ण आणि वंश पाहून वाटले गेलेले होते, आणि वसाहतीचा संघ निवडणाऱ्यांची नजर सहसा त्या क्लबांच्या कुंपणापलीकडे जात नसे. मळ्यावरचा एखादा मुलगा कितीही चांगला खेळला, तरी तो खेळताना पाहणार कोण?

या मळ्यांवर १८३८पासून भारतातून गिरमिटावर मजूर आणले गेले. कन्हाय आणि सॉलोमन हे त्याच भारतीय वंशपरंपरेतले. मजुरांची वस्ती म्हणजे 'लॉगी' नावाच्या लांबलचक बराकी : एका ओळीत कोंदट खोल्या, भोवती चिखल आणि डास. हिवताप हा तर किनारपट्टीचा जणू कायमचा रहिवासी. मळेवाल्यांच्या सेवेत असलेले इटालियन डॉक्टर जॉर्ज जिलिओली यांनी १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात घरोघर डीडीटी फवारणीची मोहीम चालवली आणि किनारपट्टीवरून हिवताप जवळजवळ हटला. कन्हाय तेव्हा दहा-बारा वर्षांचा होता. खेळाडूंच्या जडणघडणीचा इतिहास लिहिताना प्रशिक्षकांची नावे येतात, डॉक्टरांची येत नाहीत. पण दर पावसाळ्यात तापाने फणफणणारे मूल दिवसभर फलंदाजी करू शकत नाही, हे सांगायला क्रिकेटपंडिताची गरज नाही.

दुसरा धागा रक्ताचा आहे. १६ जून १९४८ रोजी एन्मोर मळ्यावर संपकरी मजुरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण मारले गेले. त्यानंतर आलेल्या व्हेन आयोगाने मजुरांच्या घरांच्या अवस्थेवर कठोर ताशेरे ओढले. १९५३मध्ये प्रौढ मताधिकारावर निवडणूक झाली आणि चेड्डी जगन यांचा पक्ष सत्तेवर आला. जगन हेही पोर्ट मुरंटचेच! अवघ्या १३३ दिवसांत ब्रिटिशांनी राज्यघटना स्थगित केली आणि सैन्य उतरवले.

पुढच्याच वर्षी, १९५४मध्ये, साखर उत्पादकांच्या संघटनेने मळ्यांवरील क्रिकेटचा संघटक म्हणून क्लाइड वॉलकॉटची नेमणूक केली.

वर्षांची ही सलगता नजरेआड करता येत नाही. मजुरांचा असंतोष शमवण्यासाठी घरे, दवाखाने, मैदाने यांवर मळेवाले खर्च करू लागले होते. वॉलकॉटची नोकरी त्याच खर्चातली. मात्र हेतू मालकांचा असला, तरी काम वॉलकॉटचे होते, आणि या दोन गोष्टी एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे ठरेल.

बार्बाडोसचा वॉलकॉट तेव्हा जगातील अव्वल फलंदाजांपैकी एक होता. १९५५मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या एकाच मालिकेत त्याने पाच शतके ठोकली. कॅरिबियन खेळाडूंना व्यावसायिक क्रिकेटची सवय लागे ती इंग्लंडच्या लँकेशायर लीगमध्ये. १९२९मध्ये लिअरी कॉन्स्टंटाइन नेल्सन क्लबकडे गेला तेव्हापासूनची ही वाट. स्वतः वॉलकॉटही एनफिल्डकडून खेळला होता. पण ती वाट नाव झालेल्यांसाठी होती. ज्यांचे नावच कोणी ऐकलेले नाही, त्यांच्यासाठी कोणतीच पायरी नव्हती. वॉलकॉट मळ्यामळ्यांवर हिंडला, मुलांना खेळताना पाहिले, त्यांना शिकवले आणि मुख्य म्हणजे निवडकर्त्यांपुढे त्यांची नावे लावून धरली. कसोटीवीराचा शब्द डावलणे सोपे नव्हते. पुढे तो वसाहतीच्या संघाचा कर्णधारही झाला.

त्याने फलंदाजीचे साचे पाडले नाहीत, हेही नोंदवण्याजोगे. पाठीवर कोसळत मारलेला कन्हायचा तो प्रसिद्ध फटका कोणत्याही पाठ्यपुस्तकात बसत नाही. तो अखेरपर्यंत टिकला.

सगळे श्रेय वॉलकॉटचे, असे मानण्याचेही कारण नाही. पोर्ट मुरंटचाच वेगवान गोलंदाज जॉन ट्रिम १९४८मध्येच कसोटी खेळला होता, म्हणजे मातीत कस आधीपासून होता. दार उघडले तेव्हा आत शिरायला तयार मुले उभी होती. सॉलोमनने तर प्रथम श्रेणीतील आपल्या पहिल्या तिन्ही डावांत शतके केली. त्याची कसोटीतील पहिली परीक्षा १९५८च्या कानपूर कसोटीत झाली. पहिल्या डावात वेस्ट इंडीजचे नऊ बळी एकट्या सुभाष गुप्तेने टिपले, दहावा वसंत रांजणेने. त्या गुप्तेपुढे नवख्या सॉलोमनने ४५ धावा केल्या आणि दुसऱ्या डावात ८६. दोन वर्षांनी ब्रिस्बेनला त्याच सॉलोमनच्या थेट फेकीने मेकिफ धावबाद झाला आणि कसोटी क्रिकेटमधला पहिला बरोबरीचा सामना नोंदवला गेला.

सर्वांचेच असे झाले नाही. पोर्ट मुरंटचा लेगस्पिनर आयव्हन मॅड्रे १९५८मध्ये पाकिस्तानविरुद्ध दोन कसोट्या खेळला आणि त्याची कसोटी कारकीर्द तेथेच संपली. दार उघडणे वेगळे आणि आत आलेल्याला सांभाळणे वेगळे.

वाट मात्र बुजली नाही. २१ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. वेस्ट इंडीजच्या पहिल्या चार फलंदाजांपैकी तिघे बर्बीसचे होते : ब्लेअरमाँट मळ्याचा रॉय फ्रेडरिक्स, पोर्ट मुरंटचा आल्विन कालिचरण आणि ३९ वर्षांचा, केस पिकलेला रोहन कन्हाय. ३ बाद ५० अशा अवस्थेत कर्णधार क्लाइव्ह लॉइड मैदानात आला. लॉइडने शतक झळकावले. दुसरे टोक कन्हायने ५५ धावा करून धरून ठेवले. भागीदारी १४९ धावांची झाली.