देवळाचा वड आणि त्याचे बिऱ्हाडकरू

जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी देवळाबरोबर देवळाशेजारच्या झाडांचाही इतिहास आठवणे उचित ठरेल. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात वड, पिंपळ, चिंच अशा जुन्या झाडांवर दिवसा उलटी लटकणारी मोठी वटवाघळे ही त्या झाडांची जुनी बिऱ्हाडकरू होत.

पंख पसरले की हा प्राणी सुमारे चार फूट भरतो. तो पक्षी नव्हे. मादी वर्षाला बहुधा एकच पिलू देते व त्याला दूध पाजते. म्हणून मारलेला थवा लवकर भरून येत नाही. संध्याकाळी थवा निघतो तो उंबर, जांभूळ, मोह यांच्या शोधात. गर चोखून चोथा टाकतो आणि बी दूरवर पडते. मोहाचे परागीकरणही त्याच्याकडून होते. आदिवासी बांधवांच्या घरी मोहाची फुले व बियांचे तेल येते, त्यात या रात्रपाळीच्या कामकऱ्याचा वाटा आहे.

तरी माणसाने त्याला अशुभ म्हणून दगड मारले, सांधेदुखीच्या तेलासाठी त्याची शिकार केली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी ठरविले. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द झाली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली.

१९६९ साली तारापूरची अणुवीज सुरू झाली, पुढे बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली. वीज व रोजगार आले, हे भाग्यच. पण रस्ते-घरांपायी जुनी झाडे जातात, आणि दोन तारांना एकदम पंख लागला की वटवाघूळ मरते.

चिकू बागायतदारांची तक्रार खोटी नाही. मात्र बाजाराचा चिकू कडक असतानाच उतरवितात. वटवाघळाचा डोळा झाडावर पिकलेल्या फळावर असतो.

केरळात २०१८ साली निपाहची साथ आली. तो विषाणू या वटवाघळांत आढळतो. म्हणून त्यांचे उष्टे फळ खाऊ नये, ताडीची मडकी झाकावीत, मेलेल्या वटवाघळाला उघडा हात लावू नये. थवा हुसकून रोग टळत नाही. तो दुसरीकडे जातो इतकेच.

तरी ग्रामस्थ व देणगीदारांस नम्र विनंती, की पार बांधताना वडाच्या मुळाशी माती मोकळी ठेवावी आणि दिव्यांचे झोत फांद्यांवर सोडू नयेत. कळस वर्गणीतून चढतो. शंभर वर्षांचा वड वर्गणीतून उभा राहत नाही.