कल्याणचे वाडे व त्यांचा लांकडी सांगाडा

घर म्हणजे चार भिंती व वर छप्पर, अशी आपली आजची समजूत आहे. कल्याण, ठाणें, भिवंडी येथील पेशवाई थाटाच्या वाड्यांस ती लागू पडत नाहीं. तेथें आधीं सागवानी सांगाडा उभा राही. भिंत मागाहून येई. घडीव काळ्या दगडाच्या जोत्यावर तळखडे बसवीत, त्यांवर खांब, खांबांच्या माथ्यावर तुळया, तुळयांवर कड्या व कड्यांवर पाट. या शेवटच्या कामास कडीपाट म्हणत. एका लांकडास कुसू व दुसऱ्यास खोबण पाडून सांधा जुळवीत. लोखंडी खिळ्याचें काम थोडें. दोन खांबांमधील अंतर तो खण, आणि घराचें मोजमापही खणांनींच होई. भिंत पुष्कळदां केवळ आडोशास असे. म्हणूनच ती खचली तरी माडी उभी राहते.

विलायतेंतही ही विद्या होती. स्ट्रॅटफर्ड गांवीं शेक्सपिअरचें जन्मस्थान म्हणून दाखवितात तें घर ओकच्या चौकटीचें आहे. अशा चौकटींतील जागा तेथील लोक कामट्यांच्या विणीवर माती लिंपून भरीत. आपल्या कोंकणांतील कारवीचा कूड तो हाच! तेथें लांकूड रस्त्यावरून दिसतें, आपल्याकडे ओसरींत व चौकांत शिरल्यावर. तें घर १८४७ सालीं तीन हजार पौंडांस विकत घेऊन लोकांसाठीं राखण्यांत आलें.

कल्याणास हें वैभव मराठी अमलांत आलें. चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत १७३७ सालीं ठाणें व १७३९ सालीं वसई मराठ्यांकडे आली. कल्याणच्या सुभ्यावर रामाजी महादेव बिवलकर होते. इंग्रजांशीं मिळून तुळाजी आंग्र्यांवर १७५५ सालीं चालून गेलेले तेच हे गृहस्थ. ती मोहीम मराठी आरमारास फार महाग पडली, असें माझें मत आहे. पण तो विषय निराळा. त्यांच्या सुभेदारवाड्याच्या जागीं आतां शाळा भरते, व वाड्याचें नांव तेथील गणेशोत्सवानें राखलें आहे. शहापूर-मुरबाडचीं सागाचीं रानें जवळ आणि उल्हास नदीची खाडी दारांत. सुतारास मालाची वाण पडली नसावी.

लांकडाचा वैरी अग्नि. शनिवारवाडा १८२८ सालीं जळाला. उरले तें दगडी जोतें आणि तट. आमच्याकडील बहुतेक वाडे मात्र अग्नीनें गेले नाहींत. १९४७ च्या भाडेकायद्यानें भाडें गोठलें. मालकास दुरुस्ती परवडेना, भाडेकऱ्यास ती आपली वाटेना. पुढें जागेचा भाव चढला, आणि वाडा पाडणेंच फायद्याचें ठरलें. सागवान जुन्या लांकडाच्या वखारींत जातें. घर फिरलें म्हणजे वासे फिरतात, ही म्हण. येथें वाशांना गिऱ्हाईक आहे, घराला नाहीं.

राहिलेल्या वाड्यांत दुरुस्ती म्हणजे सिमेंटचा गिलावा, असें पुष्कळांस वाटतें. त्यांत मोठा धोका आहे. मातीची व चुन्याची भिंत ओल घेते व सोडते. सिमेंट ती कोंडतें, आणि आंत गुरफटलेल्या खांबाचें बूड कुजूं लागतें. वरून भिंत नवी दिसते! बूड कुजलें तर तेवढेंच कापून नवा तुकडा सांधतां येतो. ज्यांच्या घरीं अजून कडीपाट आहे, त्यांनीं वाडा पाडावयाचें ठरविलें असलें तरी आधीं एक नकाशा काढून ठेवावा. खांबाची जाडी, खणाचें अंतर, चौकाचें माप आणि सांध्यांचे प्रकार. एका दुपारचें काम आहे.