बाळाची राखण : भामरागडच्या रानातील एक इतिहास

राज्ये कशी आली आणि कशी गेली याचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला आहे. आईबापांनी आपली मुले कशी जगविली, याचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहीत नाही. तो घराच्या उंबऱ्याआत घडतो आणि त्याचे कागद मागे राहत नाहीत. ज्या मुलाचा जन्म कोठे नोंदला गेला नाही, त्याचा मृत्यूही नोंदला जात नाही. आणि जे दप्तरात नाही ते घडलेच नाही, असे मानण्याकडे दप्तरे वाचणाऱ्यांचा कल असतो. म्हणून आज आम्ही श्रोत्यांना एका दूरच्या मुलुखात नेणार आहोत. तेथे मूल जगविणे हे आईबापांचे रोजचे काम आहे आणि त्या कामाच्या गेल्या पन्नास वर्षांचा काही लेखी पुरावा सुदैवाने उपलब्ध आहे.

हा मुलूख भामरागडचा. महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला इंद्रावती, पामुलगौतमी आणि परलकोटा या तीन नद्या जेथे मिळतात, तेथे हे गाव वसलेले आहे. पलीकडच्या काठाला बस्तर लागते. वस्ती मुख्यतः माडिया गोंडांची. त्यांची भाषा मराठीहून अगदी निराळी. स्वातंत्र्य आले तेव्हा हा प्रदेश चांदा जिल्ह्यात आणि मध्यप्रांतात होता. १९५६ साली तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला तेव्हा त्यात. नकाशावरील नावे अशी बदलत गेली; पावसाळ्यात आजारी मुलाला नदीपार न्यायचे तर डोंगा आणि खाट, हे साधन मात्र पुष्कळ काळ तेच राहिले.

अशा ठिकाणी लहान मुलाला भय कशाचे असते? वाघ-अस्वलाचे असेल, असे शहरातल्या माणसाला वाटते. अस्वलाचे हल्ले होतात, हे खरे. पण आईच्या मनातली भीती त्याहून पुष्कळ साधी आणि रोजची असते. थंडीत अंगावर पुरेसे पांघरूण नाही, म्हणून सारे घर विस्तवाभोवती निजते. झोपेत मूल कुशीवर वळले की निखाऱ्यावर जाते. जमिनीवर निजलेल्याला रात्री मण्यार चावते आणि तिच्या दंशाची वेदना इतकी थोडी असते की सकाळपर्यंत कोणाला पत्ताही लागत नाही. पावसाळ्यात हिवताप, गढूळ पाण्याने हगवण, हिवाळ्यात छाती भरणे. यांतले एकही संकट अद्भुत नाही आणि त्यांपैकी प्रत्येक संकट त्या आईला पुरते ठाऊक आहे.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, रानातली मुले आईबापांच्या अडाणीपणामुळे मरतात, असे म्हणण्याचा एक प्रघात आपल्याकडे पडून गेला आहे. आम्हांला हा प्रघात मान्य नाही. देवीच्या रोगाचे उदाहरण घ्या. हिंदुस्थानातली पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. येथला देवीचा शेवटचा रोगी आढळला तो १९७५ साली. म्हणजे उपाय हाती आल्यावर त्याचे काम पुरे होण्यास पावणेदोनशे वर्षे लागली. या काळात पुण्यामुंबईच्या शिकलेल्या घरांतही देवी आल्या की देवीचीच आराधना होत असे, कडुलिंबाचा पाला टांगला जात असे. त्या घरांना कोणी रानटी म्हटले नाही. लस टोचणारा माणूस दारापर्यंत नेमाने येऊ लागला, तेव्हा आराधना आणि लस दोन्ही एका घरात नांदू लागल्या. भगताकडे जाणारा माडिया बापही जो जवळ आहे त्याच्याकडे जातो, इतकेच. डॉक्टर जवळ असता आणि तरीही तो गेला नसता, तर दोष देण्याला काही अर्थ होता.

आणि डॉक्टर कोठे होता? १९५३ साली देशात हिवतापाविरुद्ध मोठी मोहीम निघाली, घराघरांतून डीडीटीचे फवारे मारले गेले. १९६५च्या सुमारास साऱ्या देशातले हिवतापाचे रोगी वर्षाला एक लाखापर्यंत खाली आले. रोग संपला असे वाटून पहारा ढिला पडला, डासही औषधाला सरावले, आणि १९७६ साली हाच आकडा ६४ लाखांवर गेला. रोग शहरांतून आणि सपाटीवरून आधी जातो आणि रानात दबा धरून राहतो. तेथे पहाऱ्याला माणूस पोचणे कठीण, फवारलेली भिंत सारवली की औषध मातीखाली जाते, आणि पिकाच्या राखणीला माणसे उघड्यावर निजतात. रानातल्या हिवतापात मेंदूवर जाणारा जो प्रकार आहे, त्याचा पहिला बळी पाच वर्षांखालचे मूल. सकाळी खेळणारे मूल संध्याकाळी झटके देऊ लागते. गोदावरीपलीकडे सिकंदराबादेस १८९७ साली रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात या रोगाचे बीज पाहिले होते. सिकंदराबाद काही भामरागडहून विलायतेइतके दूर नाही. पण त्या शोधाचा उपयोग येथल्या मुलाला व्हायला पाऊण शतक जावे लागले.

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि भूलतज्ज्ञ असलेल्या सूनबाई डॉ. मंदाकिनी तेथे राहावयास गेली. वीज नाही, रस्ता नाही, पावसाळ्याचे काही महिने जगाशी संबंध नाही. आरंभी लोक त्यांना पाहून दूरच राहत. ते स्वाभाविकच होते. बाहेरून आलेल्या माणसाने आजवर काही देण्यापेक्षा नेलेच अधिक होते. या दोघांनी माडिया भाषा शिकून घेतली. भाजलेली, अस्वलाने फाडलेली, मेंदूच्या तापाने बेशुद्ध पडलेली माणसे उठून चालू लागली, तेव्हा बातमी एका पाड्यावरून दुसऱ्यावर गेली आणि लोक दोन-दोन दिवस चालत मुलांना कडेवर, कावडीत घालून आणू लागले. ज्यांना अडाणी म्हणतात, त्यांनी उपचाराची परीक्षा कशी केली ते पाहा : प्रथम दुरून पाहिले, गुण येतो असे दिसले, मग आले. याहून शहाणी रीत आम्हांला ठाऊक नाही. १९७६ साली तेथे शाळाही निघाली. या दांपत्याला २००८ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले, ते आपण सारे जाणतोच.

परंतु दवाखाना कितीही चांगला असला तरी तो एका ठिकाणी असतो आणि मूल दुसऱ्या ठिकाणी. छाती भरलेले बाळ दोन दिवसांच्या चालीत टिकत नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम त्याच जिल्ह्यात, पण भामरागडपासून दीडशेहून अधिक किलोमीटर उत्तरेस गडचिरोलीजवळ झाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था काढली. आजूबाजूच्या गावांत त्यांनी मोजणी केली, तेव्हा हजार जन्मांमागे १२१ मुले वर्षाच्या आत दगावत असल्याचे आढळले. १९४६च्या भोर समितीने साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानसाठी जो आकडा दिला होता तो १६२. म्हणजे चाळीस वर्षांत या कोपऱ्याने फारशी मजल मारली नव्हती.

सर्वांत मोठा वैरी ठरला न्यूमोनिया. आपल्या आजीबाई ज्याला ‘डबा’ म्हणत तो. धाप लागलेले मूल आईला दिसते. प्रश्न असा की साधी सर्दी कोणती आणि जीवघेणी धाप कोणती. वैद्यकाने उत्तर दिलेले होते : दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला साठाच्या पुढे गेले, किंवा त्याहून मोठ्याचे पन्नासाच्या पुढे गेले, तर औषध द्यावे. पण गावच्या सुईणीला पन्नास मोजता येत नसत आणि तिच्याजवळ घड्याळ नव्हते. तेव्हा एक साधे यंत्र केले गेले. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी, तान्ह्यासाठी एक आणि मोठ्यासाठी एक. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू सरण्याआधी मणी संपले, तर बाळाला न्यूमोनिया आहे. दहापर्यंत मोजणे कोणालाही येते. आम्हांला हे यंत्र मोठमोठ्या दुर्बिणींच्या पंक्तीला बसविण्याजोगे वाटते. त्याच्या जोडीला स्वस्त, तोंडावाटे द्यावयाचे औषध. १९८८-८९ साली ५८ गावांत सुईणी आणि गावचे कार्यकर्ते यांनी हे काम केले आणि ४४ गावे तुलनेसाठी ठेवली. पाच वर्षांखालच्या हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५, तर या गावांत ८.१. ही हकीकत १९९० साली ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली.

तरीही जन्मल्यापासून पहिल्या महिन्यात जाणारी बालके उरलीच. १९९५-९६ साली ३९ गावांत घरोघर जाऊन नवजात बालके पाहिली गेली, तेव्हा दिसले की शंभरातली ४२ बालके अपुऱ्या वजनाची आहेत, निम्म्याहून अधिकांना वैद्यकीय मदतीची गरज पडते, आणि ती मिळते शंभरात तिघांनासुद्धा नाही. पहिल्या महिन्यात बाळंतिणीने आणि बाळाने घराबाहेर पडू नये, ही रूढी. ती दुष्ट आहे असे सरसकट म्हणता येणार नाही. अशक्त बाळाला थंडी आणि गर्दी यांपासून दूर ठेवण्याचा त्यात शहाणपणा आहे. जन्मताच बाळाला थंड पाण्याने धुणे आणि पहिले चिकाचे दूध फेकून देणे या चालींनी मात्र अपाय होई, आणि ते स्पष्ट सांगितलेच पाहिजे. बाळ बाहेर येत नसेल तर उपचार आत गेला पाहिजे, इतका सरळ विचार झाला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायका निवडल्या, त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हटले. त्या वजन करीत, बाळाला उबेत गुंडाळून आईच्या अंगाशी ठेवीत, श्वास न घेणाऱ्याला श्वास देत आणि जंतुदोषाची लक्षणे दिसली तर इंजेक्शनही देत. या शेवटल्या गोष्टीवर वैद्यकीय व्यवसायातल्या पुष्कळांच्या भुवया चढल्या. पण जंतुदोष झालेल्या बालकांत पूर्वी शंभरात सोळा-सतरा दगावत, ती संख्या तिनाच्या खाली आली. तिसऱ्या वर्षी या गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यू २५.५ होते, तुलनेच्या गावांत ५९.६. आकड्यांपुढे भुवया हळूहळू खाली आल्या.

या रीतीला जगात सोबत नाही असे नाही. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी नातेवाइकांच्याच हाती दिले. आई चमच्याने पाजीत बसली आणि मूल वाचले.

२००१ साली राज्यातल्या काही संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला, त्यातून सरकारी दप्तरात बालमृत्यू किती तोकडे नोंदले जातात ते उघड झाले. विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. आमच्या मते त्या अहवालाचे खरे महत्त्व गदारोळात नव्हते; मेलेले मूल मोजले गेले पाहिजे, हे त्याने मान्य करविले, यात होते. २०११ पासून केंद्र सरकारने नवजात बालकाच्या घरभेटीचे काम देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे दिले : घरी जन्मलेल्यासाठी पहिला, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. २०२० साली महाराष्ट्राचा अर्भकमृत्यूदर हजारी १६ वर आला. हा सरासरीचा आकडा आहे, आणि सरासरीत मुंबईही मोडते आणि भामरागडही.

कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या आता त्या रानात पोचल्या आहेत. त्यांचा एक लाभ सांगणारे थोडे आहेत : मच्छरदाणीची कड अंथरुणाखाली नीट खोचली की डासाबरोबर मण्यारही बाहेर राहते. पण ती निखाऱ्यापासून हातभर दूर टांगावी लागते, आणि थंडीच्या रात्री आईला दोन भयांपैकी एक निवडावे लागते. जाड पांघरूण असते तर हा पेच पडलाच नसता.

आणि नदी तशीच आहे. २०१९च्या पावसाळ्यात परलकोटेचे पाणी पुलावरून गेले आणि भामरागडच्या बाजारपेठेत शिरले. चौदाव्या दिवसाची भेट अशा दिवशी आली, तर आशा काठावरच उभी राहते. म्हणून पूर येण्याआधीच दिवस भरत आलेल्या बाईला आरोग्यकेंद्राजवळ आणून ठेवावे, अशी ‘माहेरघर’ नावाची योजना राज्याने आदिवासी भागांत काढली. योजना शहाणपणाची आहे. परंतु बाई येथे आठ-पंधरा दिवस राहावयास आली की धानाची रोवणी आणि घरातले दोन वर्षांचे मूल मागे राहते. रात्री विस्तवाजवळ त्याला कुशीत धरून कोण निजणार, हे ठरल्याखेरीज ती पाऊल उचलीत नाही.