बर्फ खालून वाढतो

फेब्रुवारी १८५१. कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या कॉर्नवॉलिस बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर असिस्टन्स बेमध्ये तुम्ही गोठलेल्या समुद्रावर उभे आहात. आर्क्टिकमध्ये हरवलेल्या दर्यावर्दी फ्रँकलिनच्या शोधात निघालेल्या विल्यम पेनीची दोन जहाजं शेजारीच अडकून पडली आहेत. नोव्हेंबरात गेलेला सूर्य आत्ता कुठे तोंड दाखवू लागलाय. हातमोज्यांच्या आत बोटं आहेत की नाहीत, हे तुम्हाला हलवून बघावं लागतं.

तुमचं काम साधं आहे. पहारीनं बर्फ फोडायचा, पाणी लागेपर्यंत खाली जायचं, जाडी मोजायची, वहीत लिहायची. मागच्या मापापेक्षा बर्फ वाढलाय, पण सुरुवातीच्या आठवड्यांत वाढत होता तितक्या झपाट्यानं नाही. हवा तर तेव्हापेक्षा जास्त गार आहे. मग असं का?

उत्तरासाठी थेट १८८९च्या व्हिएन्नात या. टेबलावर वाकलेला माणूस म्हणजे योझेफ श्टेफान, उष्ण वस्तूच्या उत्सर्जनाचा नियम दहा वर्षांपूर्वी मांडणारा. आर्क्टिकमध्ये त्यानं एकही हिवाळा काढलेला नाही. त्याच्यापुढे आहेत खलाशांनी आणलेले आकडे: असिस्टन्स बे, पोर्ट बोवेन, मर्सी बे, केंब्रिज बे. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं आणि बर्फाचा नवा थर खालच्या बाजूला धरतो. गोठताना सुटणारी उष्णता वरच्या सगळ्या बर्फातून हवेत जायला हवी. बर्फ जितका जाड, तितकी तिची वाट लांब. बर्फ स्वतःच स्वतःची वाढ अडवतो.

गोठणबिंदूच्या खाली रोज किती अंश, याची बेरीज करत चला; ही बेरीज म्हणजे अंश-दिवस. आजचे स्थिरांक घातले तर श्टेफानच्या सूत्रानुसार हजार अंश-दिवसांना सुमारे १.१ मीटर बर्फ, चार हजारांना सुमारे २.२. चौपट थंडीला दुप्पट जाडी.

इथे त्याची बाही ओढून तुम्हाला काही सांगावंसं वाटेल. हिवाळी मुक्कामाला जहाज थांबलं की खलाशी त्याच्या कडेनं हिम रचतात, डेकवरही पसरतात. आतली ऊब टिकावी म्हणून. भुसभुशीत हिम बर्फाच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढी उष्णता पुढे जाऊ देतं. समुद्रावरही तीच गोधडी पसरलेली असते, आणि सूत्रात तिला जागाच नाही! पण माझ्या मते श्टेफानला दोष देऊ नये. इतकं उघडंवाघडं सूत्र हाताशी होतं, म्हणून तर मोजमाप त्याच्यापासून कुठे ढळतं ते दिसलं. १९३८ साली लेबेदेव या संशोधकानं प्रत्यक्ष नोंदींवरून बसवलेलं सूत्र त्याच हजार अंश-दिवसांना पाऊण मीटरच्याही किंचित खाली येतं. मधल्या फरकात हिमाचा वाटा मोठा.

आता पुन्हा कॉर्नवॉलिस बेटावर, मार्च १९६०. पेनीच्या मुक्कामापासून फार दूर नसलेलं रेझोल्यूट. १९४७ साली इथे हवामान केंद्र उभं राहिलं. १९५३ साली कॅनडा सरकारनं इनुइट कुटुंबांना दक्षिणेतून आणून इथे वसवलं. त्याची माफी मागायला २०१० उजाडलं. तुमच्या हातात पहारीऐवजी गिरमिट आहे, आणि वहीत आता दोन रकाने आहेत: बर्फाची जाडी आणि वरच्या हिमाची खोली. दुसरा रकाना भरायचा कंटाळा येतो. भरा.

कारण पुढच्या पिढीचे अभ्यासक हाच रकाना शोधत येतात. १९९६ साली फ्लॅटो आणि ब्राउन यांनी रेझोल्यूट आणि अलर्ट इथल्या किनारी बर्फाचं संगणकी प्रारूप मांडलं. दरवर्षीची कमाल जाडी कमीजास्त का होते, याचं उत्तर हवेच्या तापमानापेक्षा हिमाच्या खोलीत जास्त सापडतं. अडचण अशी, की प्रारूपाला हिम पुरवायचं कुठून? जमिनीवरच्या केंद्रात पडलेलं हिम म्हणजे समुद्रावर टिकलेलं हिम नव्हे. वारा ते खरवडून नेतो, उंचवट्यांच्या आडोशाला साठवतो. तुमच्या भोकापाशी वीतभर असेल, तर चार पावलांवर गुडघाभर. आणि दोन्हीकडे खालचा बर्फ वेगळ्या जाडीचा.